मिठाचा दगड आणि नागव्वाचे दात

पहिलं ताट माझ्या कानाजवळनं गेलं आणि मागच्या भिंतीत रुतून बसलं. रुतलं म्हणजे रुतलंच. ते काढायला शेजारनं पहार आणावी लागली. आता तिथं गिलावा केलाय, नाहीतर खूण दाखवली असती.

“ही आमटी हाय का भांडी विसळल्यालं पाणी?” मालक म्हणाले.

मी चुलीवरचा तवा सांडशीत धरला आणि भिरकावला. तवा त्यांच्या खांद्याला चाटून मागच्या रिकाम्या कॅनवर आदळला. असा दणका झाला की गोठ्यातल्या चारी म्हशींनी एकदम पान्हा सोडला, आणि संध्याकाळची धार त्या दिवशी दुपारी बाराला काढावी लागली. मालकांच्या खांद्याला फोड आला, माझ्या कानातली कुडी तुटली. मग दोघं दोन भिंतींना टेकून धापा टाकत बसलो. बसल्या बसल्या त्यांच्या नाकातनं रक्ताची बारीक धार आली आणि मिशीत मुरली.

ते रक्त बघितलं आणि माझा राग गेला. भीती आली.

मालक म्हणजे माझा नवरा, कोल्हापूरच्या आमच्या गवळी गल्लीतला रुद्राप्पा. बावन्न वर्षांचा गडी, दारातनं आत यायचा तर वाकून यायचा. तरणेपणी अंगावर आलेल्या रेड्याच्या कानफटात मारून त्याला बसवलेला. रेडा पुढं आठ दिवस लाजत होता म्हणतात. मी काही ते बघितलं नाही, पण सांगते मात्र सगळ्यांना. असा माणूस त्या श्रावणात एकदा परसाकडनं आला आणि मला म्हणाला की लघवीला फेस येतोय, ताज्या धारेवर येतो तसा, बोटभर. जरा खुशीतच होता. गवळ्याला कशावरही फेस बघून बरंच वाटतं. मग पाय सुजले. पायात वहाण जाईना. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा, आणि तो खड्डा भरून यायच्या आत मी एक म्हैस पिळून यायची.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टी बांधली, हवा भरली, यंत्राकडं बघितलं, आणि पुन्हा बांधली. वरचं दोनशे दहा, खालचं एकशे तीस. रक्त तपासलं, लघवी तपासली. मग मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, दूध कसं गाळता?

मी म्हटलं, फडक्यानं.

हळू ओतता का बादली उपडी करता?

हळूच ओततो, मी म्हटलं, बादली उपडी केली तर फडकं फाटतंय की.

“तेच झालंय,” त्या म्हणाल्या.

मीठ पोटात गेलं की ते पाणी धरून ठेवतं. पाणी रक्तात राहतं. रक्त वाढतं आणि नळ्या तेवढ्याच, म्हणून जोर वाढतो. त्या जोरानं मूत्रपिंडातलं फडकं विरतं, त्याला भोकं पडतात, आणि अंगाचं सत्त्व गळून जातं. फेस दिसतोय तो त्या सत्त्वाचा. बरं, फाटकं फडकं मीठही बाहेर टाकू शकत नाही. मग मीठ आतच साठतं आणि जोर आणखी वाढतो. असं ते एकमेकाला धरून गोल फिरतं. तुमचं फडकं बदलता येतं, त्या म्हणाल्या, हे येत नाही. अर्धं गेलंय. राहिलेलं अर्धं वाचवायचं असेल तर रोज गोळ्या, आणि आख्ख्या दिवसात सगळं मिळून चिमूटभर मीठ. लोणचं, पापड, ठेचा सगळं बंद. नाहीतर दिवाळीनंतर मशीन. आठवड्यातनं तीनदा, चार चार तास, हातात सुया घालून खाटेला खिळून पडायचं.

मालक उठून बाहेर आले. घरी येऊन भागी म्हशीच्या गळ्यातलं दावं हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. जन्मभर दुसऱ्याला बांधलेला माणूस तो. आता त्यालाच दाव्याला बांधायची भाषा चाललेली.

म्हणून मी अळणी रांधायला लागले. चुलीवर दोन पातेली. मोठं मालकांचं बिनमिठाचं, आणि बाजूला बारकं माझं. मला काही रोग नव्हता.

भागीची ओळख करून द्यायला पाहिजे. भागी आमची पंढरपुरी म्हैस. शिंगं इतकी लांब की एका टोकावरच्या कावळ्यानं मारलेली हाक दुसऱ्या टोकावरच्या कावळ्याला दुसऱ्या दिवशी ऐकू जायची. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गल्लीत म्हशी सजवून पळवतात. मालक पुढं फटफटीवर, आणि म्हैस नुसत्या हाकेवर मागनं. ना दावं, ना काठी. ज्याची म्हैस मालकाच्या पाठीला नाक लावून पळते तो त्या वर्षाचा राजा. भागी सात वर्षं कुणाला हरली नव्हती. माझ्या हाकेला कान हलवायची नाही, पण मालक नुसते खाकरले तरी दावं तोडायची. तिच्या दावणीवर सुतळीनं मिठाचा दगड टांगलेला असायचा, नारळाएवढा, गुलाबीसर, चाटायला. एक दगड चार महिने जायचा. त्या साली दीड महिन्यात संपला. मी म्हटलं, दूध वाढलंय, मीठ जास्त लागणारच. पुढचा दगड मी दुप्पट मोठा आणला.

दोन महिने गेले. गोळ्या वेळेवर, आमटी अळणी. ताटं फेकून फेकून सगळ्यांना पोचे आले. तरी सूज उतरेना आणि वरचं एकशे नव्वदच्या खाली येईना. डॉक्टरीणबाईंनी पाच लिटरचा पांढरा कॅन दिला आणि आख्ख्या दिवसरात्रीची लघवी त्यात साठवून आणायला सांगितली. आता गवळ्याच्या घरात कॅन. सकाळी रतिबाच्या रांगेत तो कुणी ठेवला देव जाणे, पण एक मास्तर तो उचलून जिना चढलेसुद्धा. मी धावत जाऊन हिसकावून घेतला. दूध आज पिवळं कशानं, असं ते विचारत होते. हिरवा चारा घातलाय, मी सांगितलं.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्यावरच भडकल्या. अळणी जेवणाऱ्याच्या लघवीत एवढं मीठ येत नाही म्हणाल्या. दिवसाला दोन-तीन चमचे मीठ ह्या माणसाच्या पोटात जातंय, कोण घालतंय ते शोधा. पाडव्यानंतर परत या. असंच राहिलं तर मशीनवर नाव घालते.

मी जन्मभर खोटं बोलत आले, पण लघवी खोटं बोलत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मालकांना धरलं. कोण देतंय, विचारलं. त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

“कुणा माणसाच्या हातनं मिठाचा खडा घेतला न्हाई मी, इरा. लिंगाची आण.”

लिंगाची आण ते खोटी घेणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आणि मीठ पोटात जातंय हेही ठाऊक होतं. दोन्ही खरं कसं असेल? मी रात्रभर तळमळले, आणि सकाळपर्यंत माझ्या डोक्यात एकच नाव उरलं. नागव्वा.

नागव्वा मालकांची धाकटी बहीण. तिशीतच नवरा गेला, पोरगं घेऊन माहेरच्या गल्लीत आली, ती आमच्या समोरच राहिली. लोणची घालून विकायची. लिंबाचं, आंब्याचं, भरल्या मिरचीचं. तिचं लोणचं खाऊन एक मुका माणूस बोलायला लागला होता, असं मीच गिऱ्हाइकांना सांगायची. मालकांना ती अण्णा म्हणायची, आणि अण्णा म्हणजे तिचा प्राण. आजाराच्या आधी मालक रोज वाटीभर लोणचं तिच्या हातनं खायचे, आणि ती समोर बसून बघायची. अशा बहिणीला भाऊ अळणी जेवताना कसा बघवंल? मी म्हटलं, मालकांनी आण घेतली ती हिला वाचवायला. बहिणीसाठी माणूस देवाशीही खोटं बोलतो.

नरकचतुर्दशीचा आदला दिवस. रतीब घालून मी परतले ती घरी न जाता थेट समोरच्या दारात. हातात दुधाचं लिटरचं पितळी माप होतं. भागी नागव्वाच्याच अंगणातल्या खुंट्याला बांधलेली, कारण आमच्या दारात शेण काढायचं चाललेलं. नागव्वा बरण्या पुसत होती.

मी काही विचारलं नाही. मापानं पहिली बरणी फोडली. मग दुसरी. खार तिच्या पायावरनं वाहत उंबऱ्याबाहेर गेला. तिनं माझा बुचडा धरला, मी तिचं पोलकं फाडलं. ती म्हणत होती की वैनी, मी चिमूटभर दिलेलं न्हाई, त्यानं मागितलं तवा दार लावून घेतलं मी, आत बसून रडले. मी म्हटलं, तू भावाला मारालीस, माझं कुंकू पुसालीस. अकरा बरण्या फुटल्या. काचेवर दोघींचे पाय कापले, आणि त्या जखमेत लिंबाचा खार गेला म्हणजे काय होतं ते सांगून कळायचं नाही. आम्ही दोघी नाचत नाचत भांडत होतो. तशाच झोंबत अंगणात आलो. भागी दाव्याला हिसके देत होती.

आणि तिथं नागव्वाचे दात पडले. पुढचे. वरचे.

तिचा पोरगा बसगोंडा गल्लीच्या तोंडाशी होता, तो पळत आला. चोवीस वर्षांचा, आणि डोक्यात जाळ. कुणाचा तरी जबडा मोडला म्हणून पाच महिने आत बसून श्रावणातच सुटून आलेला. आई काचेत बसलेली, तोंडातनं रक्ताचा लोळ, ओंजळीत दात. कुणी केलं, त्यानं विचारलं. भागीनं शिंग झाडलं असं त्याला कळलं.

त्यानं लाकडं फोडायची कुऱ्हाड घेतली. तो भागीच्या शिंगावर पहिला घाव घालणार एवढ्यात मालक सुजल्या पायांनी आले आणि मधे पडले. मामानं भाच्याचं मनगट धरलं, भाच्यानं मामाच्या बरगडीत गुडघा घातला. मामानं त्याचं डोकं धरून खुंट्यावर आपटलं. कुऱ्हाड निसटली आणि मालकांच्या दंडाला लांब चीर देऊन गेली. आठ माणसं लागली त्यांना सोडवायला. मी सांगताना सोळा सांगते, पण आठच होती. मालकांचे डोळे लालभडक झालेले, नाकातनं पुन्हा धार, आणि कपाळावरची शीर अशी उडत होती की मला ती लांबनं मोजता येत होती.

“पाडव्याला भर गल्लीत हिचं शिंग उतरीवतो,” बसगोंडा म्हणाला. “आडवा आलास तर मामा म्हणून सोडणार न्हाई.”

मी मधे होते. माझ्या तोंडातनं एक शब्द निघाला नाही.

मधले दिवस मी मालकांना हाता-पाया पडले की ह्या साली भागीला काढू नका. ऐकतील तर ते मालक कसले? म्हणाले, शिंगाच्या भीतीनं म्हैस घरात ठेवली तर उद्या शेणसुद्धा कुणी घेणार न्हाई आपल्याकडचं. डोकं दुखतंय म्हणत होते, डोळ्यांपुढं काजवे येतात म्हणत होते. गोठ्यात मात्र तास तास बसायचे. भागीला रंगवायचं म्हणून. मी म्हटलं, बसू दे, तेवढाच शांत राहील जीव.

पाडव्याला भागी अशी सजली होती की नवरी मागं सरावी. शिंगांना लाल हिंगूळ, कपाळावर बाशिंग, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. गल्ली दोन्ही बाजूंनी गच्च. मालकांनी फटफटीला लाथ मारली, आवाज काढला, खाकरले. भागी सुटली. फटफटी जोरात, भागी तिच्याहून जोरात, नाक मालकांच्या पाठीला. रस्त्यावरच्या फरशा उडून तिसऱ्या माडीवर गेल्या म्हटलं तरी चालंल.

मारुतीच्या देवळाजवळ बसगोंडा आडवा आला. हातात लोखंडी कांब.

त्यानं कांब घातली ती शिंगावर बसली नाही, फटफटीच्या चाकात गेली. मालक हवेतनं जाऊन देवळाच्या पायरीवर पडले. तरी उठले. उठून भाच्याच्या तोंडावर असा ठोसा दिला की त्याचं नाक जागेवरनं हललं. बसगोंडानं कांब उचलून त्यांच्या मांडीवर घातली, मग खांद्यावर. माणसं ओरडत होती, कुणी पुढं होत नव्हतं. मालकांनी कांब धरली, हिसकली, वर उगारली. ती खाली यायची तर बसगोंडाच्या टाळक्यातच येणार होती. मी डोळे मिटले.

कांब खाली आलीच नाही. डोळे उघडले तर मालक उभ्या उभ्या ताठले होते. डोळे वर गेलेले. मग झाड कोसळावं तसे कोसळले आणि हात-पाय झाडायला लागले. तोंडाला फेस. तोच फेस, ताज्या धारेवरचा.

भागी तोवर लोकांच्या कोंडाळ्यात अडकली होती. ती आता सुटली. बसगोंडाला तिनं शिंगावर घेतला आणि हारवाल्याच्या टोपलीत टाकला. शिंगाचं टोक त्याच्या मांडीत चार बोटं गेलं होतं. झेंडू आणि रक्त एकच दिसत होतं. मग ती मालकांवर जाऊन उभी राहिली, चार पाय चारी बाजूंना. आता तुडवणार म्हणून बायका किंचाळल्या.

भागीनं मान खाली घातली आणि मालकांचं तोंड चाटायला लागली.

म्हशीची जीभ म्हणजे कानस. एकदा चाटली, दोनदा चाटली, ओठाचं कातडं सोललं. कपाळ नाही, हात नाही, दंडावरची ओली जखम नाही. नुसतं तोंड. ओठ बाजूला सारून आत जीभ घालायला बघत होती. चौघांनी शेपूट ओढली, दोघांनी शिंगं धरली, ती हलली नाही. मालकांचं अंग एकदा जोरात उडालं, जबडा उघडला, आणि त्यांच्या गालातनं काहीतरी बाहेर पडलं. सुपारीएवढं, गुळगुळीत, गुलाबीसर. पायरीवर टक्‌ करून वाजलं.

भागीनं ते जिभेनं उचललं आणि चघळत शांत उभी राहिली.

नागव्वा माझ्या शेजारी आली होती, तोंडाला फडकं बांधून. तिनं भागीच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बसले.

दुप्पट मोठा दगड मीच आणून दिला होता.

दवाखान्यात मालक दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. वरचं दोनशे चाळीसपर्यंत गेलं होतं, त्यानं मेंदूला झटका बसला. थोडक्यात वाचले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मशीनवर आत्ताच घालत नाही, पण आता एक खडासुद्धा नाही. ओठाला पाच टाके होते. बोलता येत नव्हतं तरी बोलले. त्यांनी सांगितलं ते असं, की रोज पहाटे धारेच्या आधी गोठ्यात जायचे. आधी भागी चाटायची, मग ते. पुढं पुढं चाटून भागेना, म्हणून खिळ्यानं तुकडा पाडून गालात धरायला लागले. लाज वाटायची. पण माणसाच्या हातचं घेतलेलं नव्हतं, आण मोडलेली नव्हती.

“का पण?” मी विचारलं. “मरायचं व्हतं का?”

त्यांनी ओठाचे टाके बोटानं धरले.

“तुझ्या बारक्या पातेल्याचा वास यायचा गं.”

मी बाहेर व्हरांड्यात आले. नागव्वा बाकड्यावर बसली होती. आत एका खोलीत भाऊ, दुसऱ्या खोलीत पोरगा, चौदा टाके घातलेला. तिचं तोंड सुजून भोपळा झालं होतं. मी शेजारी बसले.

आता खरं सांगते. भागीनं शिंग झाडलं नव्हतं. ती खुंट्याला होती, पाच हात लांब. नागव्वाचे दात मी पाडले, हातातल्या मापानं, तोंडावर मारून. ती “मी दिलं न्हाई” म्हणत होती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं म्हणून. बसगोंडानं कुणी केलं विचारलं तेव्हा माप माझ्या हातातच होतं, त्याला रक्त लागलेलं. मी काही बोलायच्या आत नागव्वा ओंजळीत दात घेऊन म्हणाली होती, भागीनं.

“का म्हणालीस तसं?” मी तिला व्हरांड्यात विचारलं.

दातांच्या जागेतनं हवा जात होती, तिला शब्द जुळवायला वेळ लागला.

“म्हशीला कोण आत घालतंय, वैनी? तुझं नाव घेतलं असतं तर त्यानं तुला उभं चिरलं असतं. तो गेला असता जल्माचा तुरुंगात. आणि तू गेल्यावर अण्णाला अळणी कोण करून घातलं असतं?”

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले. नात्यानं मी मोठी. तिनं पाय वर घेतले आणि म्हणाली, ते असू दे, अकरा बरण्यांचं बघ आधी.

घरी आल्यावर मी बारकं पातेलं माळ्यावर टाकलं. पहिल्या दिवशी अळणी आमटी मी तोंडात घेतली आणि ती घशाखाली उतरेना. कापूस चावल्यासारखं. पाणी पिऊन ढकलली तर परत वर येते. मी ताट उचललं भिंतीवर मारायला. समोर मालक बसले होते, ओठाला टाके, पाय पाटावर. माझ्याकडं बघत होते. हसत नव्हते. मी ताट खाली ठेवलं आणि दुसरा घास घेतला.

त्यानंतर आमच्या घरात ताट उडालं नाही. दीड महिन्यात सूज उतरली, पुढं फेस कमी कमी होत गेला. राहिलेल्या अर्ध्या फडक्यावर मालक अकरा वर्षं जगले, मशीनची सुई न लावता. बसगोंडा मांडीचा व्रण दाखवत गल्लीत फिरायचा, आणि त्याच भागीला पाडव्याला पुढं हिंगूळ तोच लावायचा. मामाशी बोलायला त्याला दोन वर्षं लागली.

राहिला मिठाचा दगड. तो आमच्या गोठ्यात ठेवायची सोय नव्हती, आणि मुक्या जनावराला मीठ तर पाहिजे. नागव्वा म्हणाली, माझ्याकडं टांगा. मग रोज सकाळी मी भागीला सोडायची. ती गल्ली ओलांडून समोरच्या अंगणात जायची, आणि नागव्वा दगड हातात धरून बसायची. भागी चाटायची, मधेच तिचा तळवा चाटायची, मधेच गाल. नागव्वा बोळक्या तोंडानं तिच्याशी बोलत असायची.

आख्खी गल्ली ते बघायला उभी राहायची. दुधाला आलेली माणसं भांडं पुढं करायची विसरायची. म्हणायची, बघा, जिचे दात पाडले तिच्याच पायाशी रोज येतीय, जनावर असून पस्तावलंय.

मालक गेले, भागीही गेली, तरी ती गोष्ट आमच्या गल्लीत चालूच राहिली. नागव्वानं ती कधी मोडली नाही. गेल्या महिन्यात तीही गेली. म्हणून आज सांगितलं.

ते माप अजून माझ्याकडं आहे. एका बाजूला दोन दातांएवढा पोचा आहे. त्या पोच्यानं दूध थोडं कमी मावतं, म्हणून मी प्रत्येकाला वर एक धार जास्त घालते. तेव्हाही घालायची. माणसं भागीकडं बघत पस्तावलंय म्हणायची, आणि मी मापाचा पोचा पदराआड धरून म्हणायची, व्हय, तिलाबी कळतंय की.